खोळीखालचा डाळिंबी

चादर उकळत्या पाण्यात टाकली की आधी फुगते, मग बुडते.

"पाहुणे आले की काढू." हे सासूबाई, सोफा नवा होता तेव्हा, खोळीसाठी सुईत दोरा ओवताना.

रंगारी ज्यावर चढून भिंत रंगवतो त्या लाकडी घोड्याला चार पाय असतात आणि त्यातला एक नेहमी नखरे करतो.

राखाडी रंगाचे दोन डबे. आत काय आहे ते कळावं म्हणून झाकणावर नखाएवढा ठिपका.

"काकू, हे काय लपवून ठेवलंय तुम्ही!"

हे शेवटचं रंगाऱ्याचं. त्याने सोफा भिंतीपासून ओढला, खोळ घोड्याच्या खिळ्यात अडकली, दोऱ्या तटातट तुटल्या आणि खोळ अख्खी वर निघाली. खाली डाळिंबी मखमल. उजेडच न पाहिल्यामुळे दुकानात होती तशीच. ओली वाटावी इतकी गडद.

आवाज ऐकून स्वयंपाकघरातून सून आली, आतल्या खोलीतून मुलगा. दोघंही दारातच थबकले.

"हा आपला सोफा?" मुलगा म्हणाला.

ह्याच सोफ्याला धरून तो उभा राहायला शिकला, ह्याच्यावर तापाने फणफणत झोपला, आणि आजवर सोफा राखाडी आहे असंच समजत आला. त्याचा तरी काय दोष? खोळीचे दोन जोड होते, दोन्ही राखाडी. एक वाळत असला की दुसरा चढलेला असायचा, आणि चादरबाई खोळ बदलायची ती घर झोपेत असताना.

चादरबाई म्हणजे त्याची आई. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने उभा जन्म काढला, तिथे पडलेलं हे नाव. पांढऱ्या चादरी, पांढरे अभ्रे, पांढरे पडदे. रंग दिसला की तो डाग, आणि डाग दिसला की तो घालवायचा.

सुनेने कपाळाला हात लावला. सोफ्याला शोभेल असाच रंग हवा म्हणून तीच खोळीचा एक अभ्रा पिशवीत घालून दुकानात गेली होती आणि अगदी तंतोतंत जुळवून डबे घेऊन आली होती.

"ह्या सोफ्यामागे राखाडी भिंत म्हणजे..." रंगाऱ्याने तोंड वाकडं केलं.

"त्यात काय?" सून म्हणाली. "खोळ परत शिवून घालू. मग सगळं जुळतंय."

"हो, ते सोपं आहे," मुलगा म्हणाला.

चादरबाई पुढे झाली. उघड्या सोफ्यावर जाऊन बसली. अगदी मधोमध.

"आई, ऊठ. त्यांना पहिला हात मारायचाय."

"मारू देत की. पण हा रंग नाही."

"अगं, मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही!"

"मग तुमच्या खोलीला लावा."

"आमच्या खोलीला राखाडी? नको बाई, किती उदास!" सून बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

रंगारी खिडकीकडे तोंड करून खोकला. खोकला नव्हता तो.

"ह्या वयात कसला हट्ट करतेस?" मुलाचा आवाज चढला.

"मग कुठल्या वयात करू? तुझी आजी म्हणाली, पाहुणे आले की काढू. पाहुणे आले, चहा पिऊन गेले, त्यातले काही वरही गेले. मग तुझे बाबा म्हणाले, पोरगं लहान आहे, सांडेल. त्या पोराच्या मिशा पिकल्या रे, तरी माझा सोफा आतच!"

"मग काढायची होतीस खोळ. कोणी धरले होते तुझे हात?"

हे मात्र वर्मी बसलं. कारण कोणी धरले नव्हते. सासूबाई गेल्या, नवरा गेला, खोळ राहिली. ती धुणारे, वाळवणारे, पुन्हा चढवून दोऱ्या घट्ट बांधणारे हात तिचेच होते.

ती उठली. धुलाईखान्यात एक रीत होती. चादर झिजली की सगळ्यांसमोर ती उभी फाडायची, म्हणजे कोणी ती चुकूनही पुन्हा खाटेवर घालणार नाही. तिने जमिनीवरची खोळ उचलली, काठाला दाताने चीर दिली आणि दोन्ही हात एका झटक्यात बाजूला नेले. टर्रर्र. मग कपाटातून दुसरा जोड आणला. तोही.

"अहो आई!" सून ओरडली.

"धरा," चादरबाईने चिंध्या रंगाऱ्याच्या हातात दिल्या. "फरशी पुसायला होतील."

सोफ्याची एक उशी काखेत मारून ती भर दुपारी रस्त्याने निघाली. मागून रंगारी. लोक वळून बघत होते. बघोत.

"आजी, फिकट घ्या," दुकानदार म्हणाला. "खोली मोठी दिसते."

"खोली आहे तेवढीच दिसू दे."

"गडद रंगाचा दोन वर्षांत कंटाळा येतो."

"येऊ दे ना. माझा मला येईल."

ती एकेक शेडकार्ड दारातल्या उन्हात नेई, उशीला टेकवून बघे, मान हलवून परत आणी. पिवळा नको, निळा तर मुळीच नको. शेवटी गडद शेवाळी. उशी त्याच्याशेजारी अशी पेटली की दुकानदारही बोलायचा थांबला. रंगारी तेवढा हळूच म्हणाला, "काकू, भिंत अंगावर येईल हो."

"येऊ दे. मी आहे की बसलेली."

दुसरा हात वाळला त्या संध्याकाळी मुलगा कामावरून आला. दारात बूट काढले. भिंतीकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आईकडे मात्र नाही. मग परक्याच्या घरी बसावं तसा सोफ्याच्या कडेला टेकला, हात गुडघ्यांवर.

"नीट बस," चादरबाई म्हणाली.

"घामेजलोय. डाग पडेल."

"पडू दे."

त्याने गुडघ्यांवरचे हात उचलले. मग हळूहळू मागे रेलला.

चादरबाईने हा डाळिंबी सोफा निवडला तेव्हा दुकानात तोच राखाडी रंगातही होता, आणि स्वस्त होता.