वाटीभर तुरीची डाळ

माझे यजमान सदाशिव घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापूस चिमटीत ताणून ते प्रत सांगत आणि त्या शब्दावर गाडीचा भाव ठरे. भाव कोसळले तेव्हा माणसं रोज त्यांच्यापुढे रडू लागली. एक दिवस ते गाडीसमोर नुसतेच उभे राहिले. "मले काही समजून नाही राह्यलं," म्हणाले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. वर्षभर.

यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली, भूक आली, माणूस काही परत आला नाही. मग त्या डॉक्टरांनीच शाल्मली मॅडमकडे पाठवलं. त्या रोजची साधी कामं करवून आजाऱ्याला उभं करतात. "उद्या काय करणार?" त्यांनी विचारलं. हे भिंतीकडे वळले. तेव्हा मला म्हणाल्या, "रोज वाटीभर डाळ निवडायला द्या. तुम्ही मात्र हात लावायचा नाही."

मला रागच आला. डाळ निवडायला मी काय मेले होते?

तरी दिली. तासभर लागायचा, पण निवडायचे. माझी मात्र जित्याची खोड! ते उठले की मी ताट उजेडात नेऊन गुपचूप पुन्हा निवडायची. पंधराव्या दिवशी ते पाणी प्यायला आले आणि त्यांनी पाहिलं.

"माही ग्रेड तू पुन्हा पाह्यतं?"

मग आठ दिवस ताटाला शिवले नाहीत. केंद्रावर लोक कितीही भांडले, तरी त्यांची प्रत कुणी बदलली नव्हती. ती मी बदलली. मला माझीच लाज वाटली.

नवव्या दिवशी ताट त्यांच्यापाशी ठेवलं. "तुमी निवडल्याबिगर मी वरण नाही लावत. कोरड्या पोळ्या खाऊ."

धुणं वाळत घालून आले तर डाळ निवडलेली होती. हात शिवशिवत होते, तरी तशीच धुऊन कुकरात टाकली.

जेवताना दुसऱ्याच घासाला कचकन खडा लागला. ते माझ्याकडेच पाहत होते.

"खडा हाय न?"

नाही म्हणणार होते. पण पुन्हा फसवायची हिंमत झाली नाही. "हाय. चांगला डाळीएवढा."

त्यांनी हात पुढे केला. मी खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. तो चिमटीत धरून त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिला.

"डाळीच्याच रंगाचा हाय. उद्या ताट खिडकीपाशी मांडजो."

मी आणखी वरण वाढून घेतलं.