भिंगरीचा डावा कान

छपाईच्या मशीनमधून पहिला ताव बाहेर आला तेव्हा मी चक्क टाळ्या पिटल्या. माझं पुस्तक! आणि त्याची नायिका माझी सख्खी भाची, भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ! डाव्या कानाने तिला जन्मापासून कमी ऐकू येतं, म्हणून त्या कानाला यंत्र. गोष्टींची पुस्तकं ती बकाबका खायची, पण कानाला यंत्र असलेली मुलगी तिला एकाही गोष्टीत भेटली नव्हती. माझ्या गोष्टीत ती हेर होती आणि लोकांच्या गर्दीबरोबर चोरामागे पानंच्या पानं धूम पळत होती.

भिंगरीने ताव हातात घेतला आणि तिचा चेहराच पडला.

"मावशी, ही मी नाहीये."

"अगं, नीट बघ तरी. नाक तुझं, खरचटलेले गुडघे तुझे..."

"यंत्र उजव्या कानाला आहे."

मी चित्रकाराकडे वळले, तर तो गोरामोरा.

"काल पानं लावताना पळापळीची चित्रं मी आरशातल्यासारखी उलटी फिरवली," तो म्हणाला. "ती डावीकडे पळत होती. पुस्तकातला माणूस कसा, पुढच्या पानाकडे पळायला हवा! अक्षरं आपण पुन्हापुन्हा तपासली. कान कोण तपासतं?"

"ज्याला ते आहेत तो!" मी खेकसले.

मशीनवाल्याने मशीन बंद केलं. "लवकर ठरवा बाई, पुढची कामं खोळंबलीत."

"सोप्पं आहे," चित्रकाराला हुरूप आला. "कानावर केस काढतो. यंत्र दिसायलाच नको!"

"आई पण रोज तेच करते," भिंगरी म्हणाली.

दाराशी माझी ताई उभी होती, भिंगरीची आई. लेकीला कोणी चिडवू नये म्हणून रोज सकाळी ती तिचे केस त्या कानावर चापूनचोपून बसवायची. मायाच होती ती, पण आता ताईला मान वर करवेना. मला तिची फार कीव आली.

"केस नकोत," शेवटी ताई म्हणाली. "चित्रं होती तशी करा."

"अहो, पण मग ती पुस्तकात मागे पळत सुटेल!"

"मग पळू दे की!" भिंगरी ओरडली. "चोर मागेच लपलाय! बाकीचे सगळे बावळटासारखे पुढे धावले. हिने एकटीने ओळखलं आणि गर्रकन मागे फिरली!"

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं लिहितेय, हे मला का नाही सुचलं? कुणाच्या तरी खिशातलं पेन ओढून मी तिथेच उभ्या उभ्या ओळी बदलायला घेतल्या. गर्दी तशीच ठेवून फक्त तिला परत फिरवायला चित्रकार संगणकाकडे धावला. "सापडतो ना पण चोर?" घाईत असलेला मशीनवालासुद्धा विचारू लागला. भिंगरी त्याला हातवारे करून सगळी गोष्ट सांगत सुटली.

मशीनवर छपाईच्या नव्या प्लेटा चढल्या. मशीन पुन्हा धडधडलं आणि ताव आला. सगळी गर्दी उजवीकडे, आणि एक पोरगी डावीकडे सुसाट! कानाला यंत्र, डाव्याच.

"ही मी!" भिंगरीने छापखाना डोक्यावर घेतला.

ताईने स्वतःच्या केसांतला रबर काढला. लेकीला जवळ ओढून सगळ्यांसमोर तिचे केस गोळा केले आणि वर बांधायला लागली. डावा कान यंत्रासकट मोकळा झाला.

"घट्ट बांध गं आई," भिंगरी जागच्या जागी नाचत म्हणाली, "मला पळायचंय!"