एकनाथच्या गळ्यातली दुर्बीण

मी एक दुर्बीण आहे. काळी, जडशी, कडा घासून पांढुरक्या झालेली. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात एका घराच्या गराजमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात मी पडून आहे. शेजारी एक टोस्टर आहे आणि बर्फात घालायच्या बुटांचा जोड. लवकरच हे खोकं कुणीतरी घेऊन जाईल. त्याआधी मला एकनाथबद्दल बोलायचं आहे.

वयानं तो ऐंशीच्या घरात पोचला होता, पण मी त्याला अरे-तुरेच करणार. तरुणपणापासून मी त्याच्या गळ्यात होते. एवढा हक्क मला आहे.

माझा जन्म जपानमधला. तिथल्या कारखान्यात एका बाईनं माझ्या पोटात काचेचे लोलक बसवले आणि मला खिडकीकडे धरून पाहिलं. मग मी समुद्र ओलांडून मिनिॲपोलिसमधल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात आले आणि बरेच दिवस काचेच्या कपाटात बसून राहिले. एकनाथ आला तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं आणि त्याच्या अंगात त्या थंडीला मुळीच न पुरणारा कोट होता. सांगलीला इंजिनिअर होऊन तो इकडे आला होता, आणि पुलांची तपासणी करणाऱ्या कंपनीत त्याला नुकतीच नोकरी लागली होती.

लोकांना वाटतं, दुर्बीण म्हणजे पक्षी, चांदण्या, घोड्यांच्या शर्यती. मी निम्मं आयुष्य पुलांची पोटं बघण्यात घालवलं. नदीकाठच्या चिखलात उभा राहून एकनाथ मला डोळ्याला लावायचा आणि पुलाची एकेक तुळई, एकेक जोड सावकाश बघत जायचा. कुठे केसाएवढी भेग दिसली, की त्याचा श्वास थांबायचा. तो थांबलेला श्वास मला माझ्या काचेवर कळायचा.

कांचन त्याच्याशी लग्न करून नागपूरहून आली. पुढे ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला लागली. दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसायचं तिचं काम. पाहुणे आले की ती हसून सांगायची, की आमच्याकडे हे लांबचं बघतात आणि मी जवळचं, मधलं कुणालाच दिसत नाही.

त्या लॅबच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यात अलास्कातल्या हिमनदीचा फोटो होता. डोंगरांच्या मधून समुद्राचा चिंचोळा फाटा आत गेलेला, आणि त्याच्या टोकाशी निळ्या बर्फाची उभी भिंत. वर्ष संपल्यावर कांचननं तेवढं पान घरी आणून एकनाथला दाखवलं आणि आपण हे बघायला जाऊ या म्हणाली. एकनाथ म्हणाला, जाऊ की, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी अंतरा झाली. मग तिची शाळा, मग एकनाथचं एक मोठं प्रोजेक्ट. मग नागपूरला कांचनची आई अंथरुणाला खिळली आणि कांचनच्या सगळ्या सुट्ट्या तिकडे जायला लागल्या. यात कुणाचा दोष नव्हता. प्रत्येक वेळी कारण खरंच असायचं. एकनाथ रिटायर झाला, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी एकदाचं बुकिंग केलं, तर जगभर साथ आली आणि क्रूझ कॅन्सल झाली.

त्या घरात कोंडलेल्या काळातच मला पहिल्यांदा शंका आली. एकनाथनं मला फ्रिजमध्ये ठेवलं, दुधाच्या डब्याशेजारी. कांचननं मला बाहेर काढलं, पुसलं आणि परत जागेवर ठेवलं. मग एकदा तो किराणा दुकानातून घरी यायला निघाला आणि भलत्याच गावी पोचला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर कांचननं बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. मी मागच्या सीटवर होते.

अंतरा ॲन आर्बरच्या विद्यापीठात संशोधन करते. आईनं पुन्हा क्रूझ बुक केली हे कळल्यावर ती फोनवर फार वैतागली. बाबांना घरातली बाथरूम सापडत नाही, एवढ्या मोठ्या शिपवर काय होईल, असं तिचं म्हणणं.

"आई, इट्स नॉट सेफ. ते हरवले तर काय करशील?"

"शोधीन," कांचन म्हणाली. "इथे घरात बसूनही रोज शोधतेच आहे."

त्या उन्हाळ्यात आम्ही सिॲटलहून निघालो. एकनाथनं मला कुणाच्या हाती दिलं नाही, झोपतानासुद्धा उशाशी ठेवलं. पहिले दोन दिवस बरे गेले. तो कांचनला नावानं हाक मारत होता, जेवताना तिच्या ताटात पोळी आहे की नाही ते बघत होता आणि पोळी नाही म्हणून वेटरला विचारत होता. कांचनच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी उजेड पाहिला.

जहाज बर्फाच्या खाडीत शिरलं ती सकाळ ढगाळ होती. दोन्ही बाजूंना काळे डोंगर, त्यांच्या कड्यांवरून सुतासारखे धबधबे, आणि पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे. काहींवर सील प्राणी सुस्त पडले होते. कांचन तोंड धुऊन बाहेर आली, तोवर एकनाथ मला गळ्यात अडकवून केबिनमधून निघून गेला होता.

तो हरवला नव्हता. लोकांच्या मागोमाग तो वरच्या डेकवर गेला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. समोर ती भिंत होती. कॅलेंडरवर ती गुळगुळीत दिसायची. जवळून पाहिली तर ती चिरलेली होती, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येक चिरेत आत निळा रंग साचलेला होता. माईकवरून एक बाई सांगत होती, की ही हिमनदी पूर्वी बरीच पुढे होती, दर वर्षी मागे सरकते आहे. सगळं वातावरण कुरकुरत होतं, जुन्या लाकडी जिन्यासारखं. एकनाथनं मला डोळ्याला लावलं आणि त्याचा श्वास थांबला.

तेवढ्यात कांचन धापा टाकत आली. हातात त्याची लोकरी टोपी होती.

"अहो, टोपी तरी घालायची."

तो वळला. तिच्याकडे बघून त्याचा चेहरा खुलला, पण तसा नाही, जसा रोज खुलायचा. परक्या मुलखात आपलं माणूस भेटल्यावर खुलतो तसा.

"अरे वा, तुम्ही मराठी वाटतं?"

तुम्ही म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं तिला तू सोडून काही म्हटलं नव्हतं. कांचनचा टोपी धरलेला हात तसाच राहिला. मला वाटलं, आता ती सांगेल. तिनं तोंड उघडलंही. मग ती म्हणाली, "हो. नागपूरची."

तिला आपलं बोलणं बदलावं लागलं नाही. ती आयुष्यभर त्याला अहो-जाहोच करत आली होती.

"काय सांगता! माझी मिसेसपण नागपूरची," एकनाथ म्हणाला. त्यानं टोपी आभार मानून घेतली आणि घातली. मग विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"इथेच आहेत," कांचन म्हणाली. "जरा पुढे गेलेत."

ती त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. मध्ये दोन अनोळखी माणसांनी ठेवावं तेवढं अंतर. आणि एकनाथ बोलायला लागला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, माझ्या बायकोला हे फार बघायचं होतं, मी सारखं पुढे ढकलत गेलो. तिची आई आजारी होती तेव्हा ती महिनोन् महिने नागपूरला असायची. मुलगी कॉलेजात होती. तेव्हा मी ऑफिसातून आलो की घरात जायचोच नाही, गराजमध्ये गाडी बंद करून तिथेच बसून राहायचो. आत ती नाही म्हटल्यावर आत जायचं कशाला, असं वाटायचं.

"त्यांना हे सांगितलंत कधी?" कांचननं विचारलं.

"छे. असं कुणी सांगतं का?" तो लाजल्यासारखा हसला. मग त्यानं मला गळ्यातून काढून तिच्यापुढे धरलं. "घ्या, बघा. तो डावीकडचा सुळका दिसतोय? त्याच्या पायाशी आडवी चीर गेलीय. फार वेळ टिकायचा नाही तो."

कांचननं मला डोळ्यांना लावलं. ज्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती ते सगळं माझ्यासमोर उभं होतं, आणि मी तिला काहीच दाखवू शकले नाही. डोळ्यांत पाणी भरलेलं असलं, की दुर्बिणीचं काही चालत नाही. माझ्या काचा ओल्या झाल्या.

"दिसतंय ना?" त्यानं विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली.

मग सुळका खरंच कलला. आधी काहीच आवाज नव्हता. एवढा मोठा बर्फाचा मनोरा मुकाट्यानं पाण्यात बसला, पांढरा फवारा उडाला, आणि मग त्या पाण्यावरून तोफ डागल्यासारखा आवाज आला. डेकवरचे लोक ओरडले. थोड्या वेळानं लाट पोचली आणि जहाज हललं, तसा एकनाथनं चटकन तिचा हात धरला. लगेच सोडला.

"सॉरी हं," तो म्हणाला.

"असू द्या."

"पुढच्या वर्षी तिला घेऊन येणार मी. तुम्हीही या परत. ओळख करून देतो."

"नक्की आणा त्यांना," कांचन म्हणाली.

दुपारी केबिनमध्ये एक झोप काढून तो उठला आणि कांचन, चहा मिळेल का गं, म्हणाला. तिनं केला. बर्फ बघितलं का, असं त्यानंच तिला विचारलं. बघितलं, ती म्हणाली.

घरी आल्यावर काही दिवस तो अंतराला फोनवर सांगायचा, की बोटीवर एक मराठी बाई भेटल्या होत्या, फार सज्जन, ऐकून घेणाऱ्या. अंतरा हो हो म्हणायची. तिला वाटायचं, बाबा काहीतरी मनचं बोलताहेत. कांचन ओट्याशी उभी राहून ऐकायची. मग ते सांगणंही थांबलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याला अशा आजाराच्या लोकांसाठी असलेल्या एका होममध्ये ठेवावं लागलं. कांचनच्या अंगात त्याला उचलायची ताकद राहिली नव्हती. मी त्याच्याबरोबर गेले. तिथे तो मला उलटी धरून बघायचा. उलट्या दुर्बिणीतून जवळचं माणूस फार लांब आणि बारीक दिसतं. कांचन त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून खुर्चीत बसलेली असायची आणि मी त्याला ती कुठल्या कुठे, पार टोकाला दाखवायचे. मला उलटी धरल्यावर मी दुसरं काय करणार?

मार्चमध्ये न्यूमोनिया झाला आणि तो गेला. अंतरा तिथे होती. कांचन त्याची टोपी धुवायला घरी घेऊन गेली होती, तेवढ्यात.

आता घर विकलं आहे. कांचन ॲन आर्बरला अंतराकडे राहायला जाणार आहे. काल दोघी गराजमध्ये सामान आवरत होत्या. अंतरानं मला उचललं आणि विचारलं, हे ठेवायचं ना? कांचन बुटांच्या खोक्यावर बसली आणि तिनं पहिल्यांदा लेकीला त्या सकाळची गोष्ट सांगितली. बोटीवरच्या त्या बाई कोण होत्या, ते सांगितलं.

अंतरा बराच वेळ रडली. मग म्हणाली, "आई, यू शुड हॅव टोल्ड हिम. मीच ती, असं का नाही सांगितलंस?"

"ओशाळला असता गं तो," कांचन म्हणाली. ती त्याला तो म्हणाली, मी पहिल्यांदाच ऐकलं. "आणि खरं सांगू? मला ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत माझ्याशी कधी बोलला नाही असं. त्या बाईशी बोलला. मी मध्ये आले असते, तर गप्प झाला असता."

अंतरानं मला तिच्या हातात दिलं. कांचननं पदरानं माझ्या काचा पुसल्या. पुसून काही उपयोग नाही, बुरशी आतून धरली आहे. तिनं मला डोळ्यांना लावलं नाही. थोडा वेळ नुसती मांडीवर घेऊन बसली, जसं झोपलेलं मूल घेतात. मग म्हणाली, "देऊन टाक. कुणीतरी वापरू दे. माझं बघून झालंय."

मला वाईट वाटलं, पण तिचा राग आला नाही. तिनं मला नीट, काचा वर करून खोक्यात ठेवलं.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी आले, तर आधीच सांगून ठेवते. माझी उजवी बाजू आता धूसर झाली आहे. डावीतून अजून स्वच्छ दिसतं. तेवढ्यावर ज्याचं भागेल, अशा कुणाला तरी मला द्या.