ज्या हातांनी मला शिवलं

हसणार नसाल तर सांगतो, मित्रांनो. मी एक जुना कापडी पट्टा आहे. दवाखान्यात गोंधळलेल्या रुग्णाचा हात पलंगाला बांधून ठेवायचा, एवढंच माझं काम. ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? करा, करा. मला सवय आहे.

माझा जन्म दवाखान्याच्या शिवणखोलीतला. खिडकीतून ऊन यायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगायचे आणि मशीनच्या आवाजाने मला गुंगी यायची. टेलरकाकांनी मला जाड सुती कापडातून कापलं आणि आतून मऊ अस्तर लावलं. मग स्वतःच्याच मनगटावर बांधून पाहिलं. "टोचत नाहीस ना रे कुठे?" त्यांनी मला विचारलं. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

वॉर्डात काय रुबाब होता माझा! कोणी नळी ओढली, कोणी पलंगावरून उतरू लागलं, की हाक यायची, "अगं, पट्टा आण!" माझ्या जिवावर सगळे निर्धास्त. पण मनगटाला चिकटलेला मी. नाडी कशी धडधडते ते मलाच कळायचं. "झाले बाई शांत," असं बाकीचे म्हणायचे, तेव्हा तो माणूस नुसता थकलेला असायचा. मला फार वाईट वाटायचं.

मग एक नव्या सिस्टर आल्या. रुग्णसेवेवरचं नवं संशोधन वाचायचं भारी वेड. चहा गार व्हायचा तरी वाचन सुटायचं नाही. त्या सांगायच्या, "पूर्वीचे अभ्यास विचारायचे, कसं बांधायचं, किती घट्ट बांधायचं. आताचे विचारतात, बांधायलाच हवं का? बांधलेला माणूस उलट जास्त बिथरतो. आधी बघा, त्याला दुखतंय का, चष्मा हवाय का, शेजारी कोणी हवंय का." हळूहळू मी कपाटातच राहू लागलो. धुतलेल्या चादरींच्या उबेत पेंगायचो आणि स्वप्नात मशीन ऐकायचो.

एका दुपारी कपाट उघडलं आणि घाईघाईने मला एका मनगटावर बांधलं. सुरकुतलेलं, तापाने कढत मनगट. बोटांची टोकं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली. अरे देवा, हे तर टेलरकाका!

त्यांनी नाकातली नळी उपसली होती. ती नुकतीच पुन्हा घातली होती. त्यांची मुलगी उशाशी रडत होती. "सोडा हो त्यांना. मलासुद्धा ओळखेनात."

"नळी पुन्हा निघाली तर पोटात औषध कसं जायचं?" डॉक्टर म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्या काकांच्या हाताकडे बघत राहिल्या. अंगठा आणि तर्जनी जुळायची, हात वर उचलायचा आणि मी ताणला गेलो की अडायचा. पुन्हा तेच.

"असं काय करतात हे?" त्यांनी विचारलं.

मुलीने डोळे पुसले. "अगं बाई! शिवतायत बाबा. धागा ओढतायत."

म्हणजे तो हात धागा ओढत नाकाशी जायचा आणि तिथे नळी सापडायची. "डॉक्टर, मी शेजारीच बसते," सिस्टर म्हणाल्या. "हातांना काम देऊन बघू."

"बघा. पण नळी निघाली, तर पुन्हा बांधावं लागेल."

सिस्टरनी मला सोडलं आणि काकांच्याच हातात दिलं. हात वर गेला. मुलीने श्वास रोखला. काकांनी नाकाची कड खाजवली आणि हात खाली आणला. मग ते मला चाचपू लागले. काठावरून, अस्तरावरून, शिवणीवरून. मला पुन्हा ती शिवणखोली आठवली, ते ऊन, ते तरंगणारे तंतू. किती वेळ गेला, कोण जाणे. सिस्टरचा चहा केव्हाच गार झाला होता.

एकाएकी बोट थांबलं. "हा टाका उसवलाय," काका पुटपुटले. "माझाच टाका आहे हा. कात्री कुठाय?" मग त्यांनी मान वळवली. "तू कधी आलीस गं?"

मुलगी हसतहसत रडली. नळी जागच्या जागी होती.

मित्रांनो, कोणाचे हात अस्वस्थ दिसले तर बांधायची घाई करू नका. जरा शेजारी बसा, ते काय करू बघतायत ते पाहा. बरे झाल्यावर काकांनी मला घरी नेलंय. आता मी त्यांच्या सुयांच्या डब्यात असतो. उसवलेला टाका अजून तसाच आहे. रोज दुपारी ते मला हातात घेतात आणि म्हणतात, "उद्या घालतो हं."