टेपवर न घेतलेलं फोल्डर

आमचे मुरलीधर भावोजी म्हणजे सरळपणाचा कळस! त्यांच्या वडिलांनी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्म काढला, पण ऑफिसची पेन्सिल कधी घरी आणली नाही. भावोजी गुडगावच्या चकचकीत कंपनीत सर्व्हर सांभाळायला लागले, तरी वळण तेच.

माझी मोठी बहीण लता, म्हणजे त्यांची बायको, कॅन्सरने अंथरुणाला खिळली तेव्हा लेकीसाठी, कृतिकासाठी, रोज थोडं थोडं बोलून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. गोष्टी, गाणी, काय वाटेल ते. पोरगी तिकडेच वाढलेली, निम्मं मराठी हिंदीतच बोलणारी.

ताई गेली. गुडगावच्या विजेचा काय भरवसा? घरचा कॉम्प्युटर कधीही जळेल, म्हणून भावोजींनी साहेबांना विचारून ते सगळं घरून ऑफिसच्या डिस्कवर हलवलं. "प्रभा, तिथे दोन सर्व्हर आहेत. एक पडला की दुसरा लगेच काम उचलतो. तिथून काही जात नाही," म्हणाले.

मार्चमध्ये ऑफिसात नवं स्टोरेज आलं. जुन्या डिस्कवर जे होईल तेच नव्या डिस्कवर व्हावं, अशी दोन्हींची जोडणी केली होती. सगळं नव्यावर उतरलं. मग जुनी पेटी भंगारात द्यायची म्हणून भावोजींनी ती पुसायला घेतली, आणि मधली जोडणी तोडायचंच विसरले! इकडचं पुसलं तसं तिकडचंही पुसलं गेलं.

कंपनी सगळ्याची एक जादा नक्कल टेपवर काढून ठेवते, त्यामुळे कंपनीचं सगळं टेपवरून परत आलं. ताईचं आलं नाही. घरगुती गोष्टीसाठी कंपनीची टेप कशाला, म्हणून या महाशयांनी ते फोल्डर आधीच टेपमधून वगळलं होतं.

संध्याकाळी त्यांनी घरून फोन करून हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. "अहो हरिश्चंद्र! एवढीशी टेप वापरली असती तर कंपनीचं दिवाळं निघणार होतं का? साहेबांना विचारून ठेवलं होतं ना? मग? आता कुठून आणणार आहात तिचा आवाज? बोला ना, दातखीळ बसली का?"

तोंडाला येईल ते बोलले. शेवटी मलाच रडू आलं आणि मी थांबले.

मग कृतिकाचा आवाज आला. बापाने फोन तिच्या कानाला लावला होता.

"मावशी, और डाँट ना, अजून रागाव ना. फोनवर बिल्कुल आईसारखी वाटतेस."