कोरड्यास

"मिरची निम्मी करा," पामरसाहेब म्हणाले, "म्हणजे वाइनची चव लोकांना कळेल तरी."

दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधलं शैलाचं रेस्टॉरंट दुपारचं बंद होतं. पामर हा वाइनचा व्यापारी. आपल्या वाइन क्लबचं जेवण दर महिन्याला इथं ठेवायची त्याची तयारी होती. एक्क्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात शैला नुसत्या रिकाम्या खुर्च्याच पुसत होती, तेव्हा ते जेवण तिला हवंच होतं. पण मटणाच्या रश्श्यातली मिरची निम्मी करायची, ही अट काही तिच्या घशाखाली उतरेना.

"अगं, जरा कमी टाकलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?" तिचा नवरा हरिदास म्हणाला.

"अहो, बारा वर्षं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बटाटे उकडले. ते इंग्रजांच्या जिभेचं होतं. हे दुकान माझ्या जिभेचं आहे."

"मग त्याची वाइन तरी चाखून बघ."

"तुम्हीच चाखा की."

"मी पंचशील घेतलंय. मला यात ओढू नकोस."

"मीही घेतलंय. मी पामरसारखी चूळ भरून थुंकणार. गिळलं तरच शील मोडतं."

"हे कुठल्या भन्तेंनी सांगितलं?"

"मी सांगितलं."

पामरने दोन ग्लास भरले. द्राक्ष एकच, रीसलिंग. एक वाइन ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, दुसरी किंचित गोड. शैलाने पहिल्या ग्लासात नाक घातलं. लिंबाच्या सालीचा वास आला, आणि त्याच्यामागून चक्क रॉकेलचा.

"मीनल, यात रॉकेल सांडलंय."

मीनल त्यांची लेक, क्रॉयडनमध्येच जन्मलेली. आज बँकेतून सुट्टी काढून आली होती. "आई, तो स्मेल चांगला असतो! एक्स्पेन्सिव्ह असतो!"

शैलाने चमचाभर रस्सा तोंडात घेतला आणि वर ड्राय वाइनचा घोट घोळवून वाडग्यात थुंकला. कानातून वाफा निघाल्या. आंबटपणाने जीभ खरवडून काढली आणि उघड्या पडलेल्या जिभेवर मिरची नाचायला लागली. मग दुसरा घोट, गोडसर वाइनचा. आग झटकन बसली, पिकल्या जर्दाळूसारखी चव पसरली. बरं वाटलं. पण मसाल्यातलं दगडफूल, भाजलेलं खोबरं, जळका कांदा, सगळे कसे दुलई ओढून झोपी गेले.

"बघा, शांत झालं की नाही?" पामर खूश झाला.

"माझ्या रश्श्याला थोपटून निजवायचं कुणी सांगितलं तुम्हाला?" शैला इंग्रजीतच म्हणाली, पण 'थोपटून' ला तिला शब्द सापडला नाही, तेव्हा तिने हवेत हाताने थोपटून दाखवलं.

पामर भरभर काहीतरी बोलला. मीनलने ते मराठीत आणायचा प्रयत्न केला. "आई, तो म्हणतो, पहिला वाइन तिखटाबरोबर चालत नाही. कारण तो वाइन खूप... खूप कोरड्यास आहे."

शैला आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली. "अगं बाई! कोरड्यास म्हणजे कोरडं नव्हे. कोरडी असते भाकरी. ती ज्यात कुस्करायची ते ओलं, ते कोरड्यास. हा रस्साच कोरड्यास!"

आणि हसता हसता ती थांबली.

गावाकडे मूठभर मटणात दहा माणसांचं कोरड्यास व्हायचं. पाणी वाढायचं, म्हणून मिरचीही वाढायची. त्या मिरचीच्या जोरावर भाकरी पोटात जायची. चमच्याने नुसता रस्सा कोण पीत होतं तिथं? आणि इथं गिऱ्हाइकांना आवडतं म्हणून ती त्याच्याबरोबर पुलाव आणि नान देत बसली होती.

ती उठली. टूटिंगच्या देशी दुकानातून घरच्यासाठी आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं, दोन भाकऱ्या थापल्या, रश्श्यात कुस्करल्या. हाताने घास घेतला आणि वर ड्राय वाइनचा घोट, तोही घोळवून थुंकला. या वेळी मिरची भाकरीत विभागली गेली होती. वाइनने तर्रीचं तेल धुऊन काढलं, आणि दगडफूल जिभेवर सावकाश उघडलं. तिखट होतंच, पण मसालाही जागा होता.

पामरनेही घास घेतला. त्याचं कपाळ घामाने भिजलं. "चांगलं आहे," तो म्हणाला. "पण माझे लोक गोडच मागतील. मी इतकी वर्षं त्यांना पाजतोय."

"पाजा की. बाटली तुमची, पातेलं माझं."

"पुन्हा येणार नाहीत ते."

"न का येईनात. निम्म्या मिरचीवर रोज येणारे मला नकोत."

हरिदासने कपाळाला हात लावला. पामरने दोन्ही बाटल्यांना बुचं लावली, दारापाशी जरा थांबला. "एकदाच," तो म्हणाला. "एकदाच आणून बघतो."

क्लब आला. प्रत्येकापुढे दोन ग्लास, मधे भाकरी आणि पूर्ण मिरचीचा रस्सा. काही जण गोड वाइनच मागत राहिले. एका बाईने ताट बाजूला सारून नुसता पुलाव मागवला. खिडकीजवळचे दोघे मात्र शर्टाच्या बाह्या वर सारून, नाक पुसत, पुन्हा पुन्हा भाकरी मागत होते आणि ड्राय वाइन संपवत होते.

अर्ध्याहून जास्त ताटं अर्धवट टाकलेली परत आली. हरिदास ती हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तिथं ठेवा," शैला म्हणाली, "आणि मिरचीचा डबा इकडे द्या. उद्याचा मसाला भाजायचाय."