वजनावर वाटलेला लेथ

बाप गेल्यावर दोघा भावांनी जमीन वाटली, भांडी वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या आणि शेवटी बापाच्या लेथपाशी येऊन अडले. लेथ एकच. त्यावर लोखंडाचा दांडा बसवला की तो गरगर फिरायचा आणि बाप त्याला हवं तसं तासायचा. आसपासच्या सगळ्या गावांतल्या पंपांचे शाफ्ट त्या एका मशीनवर दुरुस्त व्हायचे. थोरला म्हणाला मला हवा, धाकटा म्हणाला मला हवा. चालवता दोघांनाही येत नव्हता, पण ती गोष्ट कुणी काढली नाही. भांडून भांडून घसे बसले तेव्हा थोरल्याच्या डोक्यातून अक्कल बाहेर पडली. लेथ खोलायचा आणि वजनावर निम्मा निम्मा करायचा.

धान्य मोजायचा मोठा काटा आणला. अंगणात ऊन मी म्हणत होतं, आणि त्या उन्हात दोघे सख्खे भाऊ पान्यांनी बापाचा लेथ सोलत बसले होते. थोरल्याच्या वाट्याला खालचा लांबलचक बेड आला. धाकट्याकडे वरचं हेड, दांडा पकडणारा चक आणि मागचा टेकू गेला. गिअरची चाकं पारड्यात टाकून कधी इकडे, कधी तिकडे केली. तरी काटा थोरल्याकडेच झुकलेला. मग धाकट्याच्या पारड्यात बापाची ऐरण ठेवली आणि काटा सरळ झाला. दोघांच्या बायकांनी वाकून वाकून खात्री करून घेतली.

त्यांची बहीण दारात उभी राहून हे बघत होती. तिला त्याच गावात खालच्या आळीला दिलेली. नवरा वेल्डर, म्हणून गाव तिला वेल्डरीण म्हणायचं. लहानपणापासून बापाच्या शेजारी उभी राहून ती लेथ शिकली होती. लग्न होईपर्यंत बापाचं निम्मं काम तीच उरकायची. 

"दादा, असा तोडलात तर दोघांच्याही हाती लोखंडच येईल," ती म्हणाली. "कुणातरी एकाला अख्खा द्या. नाहीतर मला विका. वेल्डिंगवाल्या घरात त्याचं काम आहे, मी पैसे मोजून नेते."

थोरल्याने वर बघितलंसुद्धा नाही.

"तू दिलेली मुलगी. परक्या घरच्या माणसानं आमच्या वाटणीत तोंड घालायचं नाही."

धाकट्याने एवढ्या वेळात पहिल्यांदाच भावाच्या बोलण्याला मान डोलावली. थोरली भावजय तर पुढे होऊन म्हणाली की माहेरी चार दिवस राहायला येतात तशी ये, हिशेबाला येऊ नकोस. वेल्डरीण पाणीही न पिता निघाली. त्यानंतर त्या उंबऱ्यावर तिने पाऊल ठेवलं नाही.

वेल्डरचं काम घराला टेकून काढलेल्या पत्र्याच्या छपरात चालायचं. झिजलेल्या शाफ्टवर तो वेल्डिंग भरून द्यायचा, पण पुढे तो तासायला शहरातल्या वर्कशॉपवर न्यावा लागे. तिथला मालक गावाकडचं काम म्हटलं की नाक मुरडायचा, दिवसभर बाहेर बसवून ठेवायचा आणि संध्याकाळी उद्या या म्हणायचा. गिऱ्हाईक कंटाळून परस्पर शहरात जाऊ लागलं. लेथ आला नाही तर छप्पर बंद करून दुसऱ्याच्या हाताखाली जावं लागणार, हे नवरा-बायकोला दिसत होतं. नवरा मुकाट्याने सोसणारा. वेल्डरीण सोसणाऱ्यातली नव्हती.

तिने भंगारवाल्याला गाठलं. भंगारवाला म्हणजे बोलायला साखर आणि काट्याला खोटा, पण सौदा ठरला की ठरला. तिने त्याला सांगितलं की माझ्या भावांकडे लोखंड पडलंय, ते तू तुझ्या नावावर उचल, मी तुला भंगारापेक्षा वरचा भाव देते. माझं नाव मात्र काढायचं नाही. भंगारवाला हसला आणि म्हणाला की ताई, तुमच्या घरचं भांडण माझ्या धंद्याला बरं आहे.

तो थोरल्याकडे गेला. बेड गोठ्यामागे गंज खात पडला होता. थोरल्याची एकच अट होती, हे वितळलं पाहिजे, धाकट्याच्या हाती लागता कामा नये. भंगारवाल्याने भट्टीची शपथ घेतली. मग तो धाकट्याकडे गेला, तर त्याचीही तीच अट. भंगारवाल्याने तीच शपथ पुन्हा घेतली, त्याला काय, शपथेला वजन थोडंच असतं. पण हे दोघे एकाच बापाचे. माल गाडीत चढवताना प्रत्येकाने एकेक गिअर काढून घेतला. भट्टीवाल्याचा काय भरवसा, उद्या दुसऱ्याने परत आणून जोडला तर? थोरल्याने मोठा गिअर गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवला, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. धाकट्याने लहान गिअर फाटकाच्या साखळीला बांधला, फाटक आपोआप लागावं म्हणून.

लेथ वेल्डरच्या छपरात उतरला तेव्हा वेल्डरीण बराच वेळ बेडवरून हात फिरवत राहिली. गंज तिने स्वतः घासून काढला. बाकीचं सामान नवरा-बायकोने असंच पडक्या भावात जमवलं होतं. दांडा आवळून धरायचा, एका कानाने तुटलेला व्हाइस, बंद पडलेल्या गिरणीची मोटर, दांडे नसलेल्या कानशी. बापाची सवय होती, जोडीच्या प्रत्येक भागावर तो ठोकून सारखे ठिपके पाडायचा, म्हणजे खोललेलं पुन्हा जागच्या जागी बसावं. ठिपक्याला ठिपका जुळवत तिने लेथ उभा केला. चक फिरला आणि तिला रडू आलं. ते तिने नवऱ्यापासून लपवलंही नाही.

शाफ्ट तासता येऊ लागले, पण आटे पाडता येत नव्हते. आटे म्हणजे नट बसतो ती गोल गोल चढत जाणारी खाच, आणि ती पाडायला नेमके ते दोन गिअर लागत. तिने भंगाराचे ढीग उपसले, दुसरे गिअर आणून लावून बघितले, दात जुळेनात. रस्त्याने जाता-येता तिला एक गिअर पत्र्यावर दिसायचा आणि दुसरा फाटकावर लोंबकळताना. मागायला ती गेली नाही. गेली असती तर दोघांनी मिळून ते विहिरीत टाकले असते, एवढं ती त्यांना ओळखून होती.

उन्हाळा तापला आणि भावांच्या विहिरीवरचा पंप बसला. पंप एकच, कारण तो वाटायला गेले असते तर पाणीच आलं नसतं, इतपत शहाणपण त्यांना होतं. आतला शाफ्ट झिजला होता आणि टोकाचे आटे पार गेले होते. जमीन भेगाळली, दोघांचंही उभं पीक माना टाकू लागलं. शहरातल्या वर्कशॉपवर रांग लागलेली, मालकाने पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यापर्यंत शेतात पीक राहणार नव्हतं, गुरांपुढे टाकायचा पाला राहणार होता. वेल्डरकडे हल्ली शाफ्ट तासूनही मिळतात, एवढं मात्र गावातून त्यांच्या कानावर आलं होतं.

एका सकाळी वेल्डरीण छपरात काम करत होती तेव्हा समोरून दोघे येताना दिसले. पंप पहारीला लटकवलेला, एक टोक थोरल्याच्या खांद्यावर, दुसरं धाकट्याच्या. एकट्यावर सोपवायची दोघांचीही तयारी नव्हती. वाटणीपासून दोघांत अबोला असल्यामुळे वळणावर एक डावीकडे ओढत होता, दुसरा उजवीकडे. वेल्डरने पुढे होऊन पंप उतरवून घेतला.

आत आले आणि दोघांची नजर लेथवर गेली. थोरल्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हा आमचा लेथ आहे."

"तुमच्याकडे दोन ढीग होते," वेल्डरीण म्हणाली. "तुम्ही ते विकलेत, मी घेतले. पंपाचं काय झालंय ते बोला."

भंगारवाल्याला फासावर द्यायला हवा, असं धाकटा पुटपुटला. पण पीक वाळत होतं, त्यामुळे फाशी लांबणीवर पडली. वेल्डरने शाफ्टवर वेल्डिंग भरलं, वेल्डरिणीने तो लेथवर चढवला आणि तासून गुळगुळीत केला. निळसर किस तिच्या पायाशी पडत होता. भाऊ दोन कोपऱ्यांत उभे राहून बघत होते. मग तिने मशीन थांबवली.

"आटे राहिले. ते पडणार नाहीत."

"का?" थोरला म्हणाला.

"एक गिअर तुझ्या गोठ्याच्या पत्र्यावर आहे. दुसरा याच्या फाटकाला. घेऊन आलात तर आज पाणी चालू होईल. नाहीतर शहरात जा."

 धाकट्याने थोरल्याकडे बघितलं, थोरल्याने जमिनीकडे. शेवटी दोघे एकदमच निघाले, आपण उठलो आणि दुसरा बसून राहिला असं होऊ नये म्हणून. परत आले तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक गिअर होता. थोरल्याने आपला जमिनीवर आदळला. वेल्डरिणीने तो उचलला, पुसला आणि दोन्ही जागेवर बसवले. मशीन सुरू झाली, टोकाला चकचकीत आटे पडले. तिने नट लावला आणि बोटाने फिरवला. तो अडखळला नाही.

थोरला पान्याकडे हात करत म्हणाला, "माझा गिअर काढून दे."

"काढते की. पुढच्या वेळी पंप बिघडला की परत घेऊन ये."

"आधी त्याचा काढ."

"माझा का आधी?" धाकटा म्हणाला. "हा आपला इथं ठेवून माझ्या मागं ताबा सांगायला मोकळा."

बराच वेळ हे चाललं. आपण नेला आणि दुसऱ्याचा राहिला तर काय, हे दोघांनाही सोसणारं नव्हतं, म्हणून दोघांचेही राहिले. मग वेल्डरिणीने मजुरी सांगितली. तासण्याची वेगळी, आटे पाडण्याची वेगळी, बाहेरच्या गिऱ्हाइकाला असते तीच.

थोरला चिडून म्हणाला, "सख्ख्या भावांकडून पैसे घेतेस?"

"मी परक्या घरची," ती म्हणाली. "तूच सांगितलंस. परक्या घरचा धंदा रोखीवर चालतो."

दोघांनी आपापले निम्मे पैसे व्हाइसशेजारी ठेवले, पंप पहारीला लटकवला आणि मघासारखेच ओढाताण करत गेले. जाताना एकानेही बापाचं नाव काढलं नाही. ते मात्र तिला लागलं. दुपारी विहिरीवर पंप चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा नवरा हळूच म्हणाला की भाऊच आहेत, थोडं कमी घेतलं असतं तरी चाललं असतं.

 वेल्डरिणीने दोन्ही गिअरवरचे बापाने ठोकलेले ठिपके समोरासमोर आणले आणि वरून झाकण बसवलं. मग झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.